6.97 चा आठवडा

काका : हे बघ, इथे छापण्यात चूक आहे. 6.97 म्हणे.

पुतणी : चूक नाही काका. पूर्ण बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा, त्याचा आकडा आहे तो.

काका : मग सात लिहायचं. आठवडा सात दिवसांचा असतो, निदान सांगलीत तरी. आणि खाली पुन्हा 0.97. रोजच्या बॅकअपला सरळ एक लिहायला काय धाड भरली होती?

काका सांगलीत करसल्लागार आहेत. गणपती पेठेजवळ तळमजल्यावर ऑफिस, टॅली चालणारे सात-आठ कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात पुतणीने लिनक्स घालून नुकतंच उभं केलेलं एक जुनं मशीन. पुतणी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. जुन्या मशीनवर तिने बॅकअपपीसी टाकलं होतं. हे मोफत सॉफ्टवेअर क्रेग बॅरट यांनी 2001 मध्ये बाहेर आणलं. नेटवर्कवरच्या बाकीच्या कॉम्प्युटरांपर्यंत ते स्वतः जातं आणि त्यांच्या फाइली आपल्याकडे ओढून आणतं. सेटिंगच्या फाइलमध्ये सगळे आकडे आधीच भरलेले असतात आणि वाद त्यावरूनच पेटला होता. पुतणीचं म्हणणं, आहे तसं राहू द्या. काकांचं म्हणणं, आधी एकेक ओळ वाचून दाखव. मी माझ्या एका नोटिशीच्या कामाला गेलो होतो. ती बाजूला ठेवली आणि ऐकत बसलो.

पुतणी : सर्व्हर तासातासाला जागा होतो. रात्री एकपासून रात्री अकरापर्यंत, फक्त मध्यरात्रीचे बारा वगळून. जागा झाला की प्रत्येक मशीनचं बघतो, शेवटच्या बॅकअपला किती दिवस झाले. समजा रविवारी दहाला उठला, पण तुमचं मशीन रांगेत मागे होतं, म्हणून दहा-वीसला सुरू झालं. पुढच्या रविवारी दहाला तो बघेल तेव्हा सात दिवस भरायला वीस मिनिटं कमी असतील. मग अकराला घेईल. त्याच्या पुढच्या खेपेला बारा वगळून रात्री एक. असं घसरत घसरत दोन-तीन महिन्यांत रात्रीचं काम भर दुपारी येऊन बसतं. 0.03 दिवस म्हणजे 43 मिनिटं. तेवढी सूट आधीच दिली की वेळ जागची हलत नाही.

काका : (थोडं थांबून) हुशार आहे माणूस.

पुतणी : म्हणून म्हणते, हात लावू नका. या आकड्यांमागे कुणीतरी ठेचा खाल्लेल्या असतात. तुम्ही सात केलं असतंत आणि दिवाळीत मला फोन आला असता, की टॅली दुपारी का रखडते.

काका : बरं, ते राहिलं. कम्प्रेशन तीन का? नऊपर्यंत जातं म्हणालीस ना? नऊ कर, जागा वाचेल.

पुतणी : जागा वाचेल चिमूटभर आणि हे म्हातारं मशीन रात्रभर धापा टाकेल. तीनलाच बहुतेक फायदा मिळून जातो.

काका : तेही राहिलं. आता पुढची ओळ. कुठून काय घेणार?

पुतणी : सी-डॉलर. म्हणजे विंडोजचं अख्खं सी ड्राइव्ह.

काका : आणि डी?

पुतणी गप्प झाली. यात खोच आहे ती आपल्याकडच्या वाचकाला वेगळी सांगायला नको. गल्लीतल्या दुकानात जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात आणि जोडणारा मुलगा जाताना बजावून जातो : महत्त्वाचं सगळं डीवर ठेवा, विंडोज बिघडलं तर सी पुसून नवं टाकता येतं. काकांची टॅली, अशिलांचे फोल्डर, स्कॅन केलेले कागद, सगळं डीवर. बॅकअपपीसीला विंडोजच्या मशीनवरून साध्या शेअरमधून फाइली घ्यायच्या असतील तर मूळ सेटिंगमध्ये एकच नाव लिहिलेलं असतं, सी-डॉलर. तसंच ठेवलं असतं तर दर आठवड्याला विंडोज इमानेइतबारे साठवलं गेलं असतं, पडद्यावर सगळं सुरळीत असल्याची नोंद झाली असती आणि काकांच्या पन्नासेक अशिलांचे हिशेब कुठेच नसते.

पुतणी : हे मी बदलणारच होते.

काका : बदलणार होतीस हे तुला माहीत. फाइलला माहीत नव्हतं.

पुतणी : पण काका, याला तुम्ही डिफॉल्ट म्हणू नका. हा नमुना आहे. बाकुला नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे, मोठ्या ऑफिसांत चालतं. त्याच्या मूळ फाइलमध्ये बॅकअपसाठी दिलेला फोल्डर असतो लिनक्सचे प्रोग्रॅम ठेवायचा, यूएसआर-एसबिन. त्यात तुमचं स्वतःचं काहीही नसतं. तो फोल्डर छोटा असतो, सगळीकडे असतो, एवढ्यासाठीच तिथे आहे. चालतंय का बघा, मग आपलं नाव घाला.

काका : चालतंय म्हटल्यावर किती जण परत जाऊन नाव घालत असतील?

याला पुतणीकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. 6.97 मागे विचार आहे आणि सी-डॉलर मागे निव्वळ जागा भरणं आहे, पण फाइलमध्ये दोन्ही ओळी एकाच टायपात शेजारी बसतात. वाचणाऱ्याला कळावं कसं?

काका : आता वेळेचं सांग. कामाच्या वेळी हे मध्ये येणार नाही ना?

पुतणी : त्याची सोय आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी साडेसात बॅकअप नाही.

काका : आणि शनिवारी?

पुतणी : शनिवारी... घेईल.

काका : आमचा शनिवार पूर्ण असतो. तारीख वीस शनिवारी आली तर विचारू नकोस, जीएसटीचं 3बी भरायला दारात रांग असते.

पुतणी : शनिवार वाढवते, त्यात काही नाही. पण काका, एक सांगा, रात्री मशीन चालू असतात?

काका : कशाला? आमच्या ऑफिसातला सदाशिव आठला मेन स्विच पाडून कुलूप लावतो. उन्हाळ्यात रात्रभर वायरिंग तापवत ठेवू?

पुतणी : मग त्या बंद वेळेचा इथे उपयोगच नाही. आता नीट ऐका, हे खरंच छान केलंय त्यांनी. सर्व्हर प्रत्येक वेळी मशीनला हाक मारतो. लागोपाठ सात वेळा ओ आली, की तो समजतो हे मशीन कायम चालू असतं, याला दिवसा त्रास द्यायचा नाही, रात्री घेऊ. पण जे मशीन मध्येच गायब होतं, तीनदा हाक मारून ओ देत नाही, ते त्याच्या लेखी लॅपटॉप. लॅपटॉप सापडेल तेव्हा पकडायचा. तुमची सगळी मशीन रात्री बंद, म्हणजे त्याच्या हिशेबी सगळे लॅपटॉप.

काका : म्हणजे सकाळी दहाला बायका येऊन मशीन सुरू करणार आणि हा टपलेलाच.

पुतणी : एका वेळी चार मशीन. आणि तुमचा स्विच जुना आहे, शंभर मेगाबिटचा. सेकंदाला बारा मेगाबाइटच्या वर जात नाही.

काका : मग काय छान केलंय म्हणतेस?

पुतणी : छान हेच, की बॅकअप चुकत नाही. ऑफिस रखडेल, पण बॅकअप होईल. दुसरं एखादं सॉफ्टवेअर असतं तर रात्री अकराला उठून, कोणी नाही बघून, झोपलं असतं. तुमच्या ऑफिसचा त्याला पत्ता नाही, तरी त्याने चूक केली ती बऱ्या बाजूला केली.

इथे मला पुतणीचं पटलं. ज्याला आपली परिस्थिती ठाऊक नाही त्याने अंदाज बांधायचाच असेल तर तो असा बांधावा. पण काकांचा चेहरा पाहता त्यांना सकाळचे दहा दिसत होते.

शेवटी दोघांनी मिळून जेवणाची सुट्टी पकडली. दीड ते सव्वादोन. टॅली उघडी असताना घेतलेली नक्कल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतली निघू शकते, म्हणून जेवायला उठताना टॅली बंद करायची हा फतवा काकांनी तिथल्या तिथे काढला. पुतणीने सातच्या जागी शून्य घातलं, म्हणजे हाकेचा हिशेब बाजूला ठेवून सगळ्याच मशीनना बंद वेळ लागू झाली. सुट्टीची तेवढी फट उघडी ठेवली आणि सर्व्हरच्या उठण्याच्या वेळांत दीड वाजता असं लिहिलं. अख्खं सी त्या वेळात मावलं नसतं. डीवरचे कामाचे फोल्डर मावतात. मग तिने स्वतःच कपाळावर हात मारला.

पुतणी : सर्व्हरसुद्धा रात्री बंद होणार?

काका : मेन पाडला की सगळंच.

पुतणी : अहो, रात्री एकला तो झाडलोट करतो! उठण्याच्या वेळांची जी यादी आहे ना, तिच्यातली पहिली वेळ ती झाडलोटीची. जुन्या, नको झालेल्या फाइलींची जागा तेव्हा मोकळी होते. रोज एकला मशीन बंद असेल तर जागा मोकळी होणारच नाही. डिस्क भरत जाईल आणि 95 टक्क्यांवर गेली की तो ठरलेले बॅकअप घेणंच थांबवतो.

काका : तुलाही बदलावं लागतंय की.

पुतणी : लागतंय. पण मी एक बदलते तेव्हा दुसरं काय हलतं ते मला बघता येतं. एका ठिकाणी मी पाहिलंय, साहेबांनी हौसेने जुन्या प्रती ठेवायचा आकडा वाढवून दोनशे केला. जागेचा हिशेब कोणी केला नाही. 95 टक्के झाले, बॅकअप थांबले, आणि थांबलेत हे कळलं ते एक मशीन गेल्यावर. मूळ आकडा ठेवला असता तर निदान कालचं तरी मिळालं असतं.

सर्व्हरची लाइन मेन स्विचपासून वेगळी काढायचं ठरलं. सदाशिवला समजावण्याचं काम काकांकडे.

काका : आता तू म्हणालीस त्या जुन्या प्रती. किती ठेवतो हा?

पुतणी : पूर्ण एक, रोजच्या बदलांच्या सहा. म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे मागे जाता येतं.

काका : आणि एखादी खतावणी एप्रिलमध्ये बिघडली, कोणाच्या चुकीने नोंदी उडाल्या, आणि मला ते सप्टेंबरमध्ये ऑडिट करताना दिसलं?

पुतणी : तर बिघडलेल्या खतावणीच्या सात सुंदर प्रती असतील.

काका : हेच. जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने कागद सांभाळायला सांगितलेत. कंपनी असेल तर आठ वर्षं. आणि हा दोन आठवडे म्हणतोय.

पुतणी : काका, ते बॅकअपचं काम नाही. बॅकअप म्हणजे काल काय होतं. आठ वर्षांचं सांभाळायचं ते दप्तर. वर्ष बंद झालं की एक प्रत वेगळी काढायची, तिला कोणी हात लावायचा नाही. दोन्ही कामं एका आकड्याने करायला गेलात तर दोन्ही बिघडतील. त्यात तुमची टॅलीची फाइल रोज बदलते. दहा मशीनवर एकच फाइल असेल तर हा एकदाच ठेवतो, पण बदललेली फाइल अख्खीच नवी ठेवतो.

काका : दप्तर वेगळं, मान्य. पण एप्रिल ते सप्टेंबर हे दप्तर नाही. ते चालू वर्ष आहे. माझ्या धंद्यात चूक सहा महिन्यांनीच सापडते. ज्याने दोन आठवडे लिहिलं त्याच्या धंद्यात त्याच संध्याकाळी सापडत असेल.

पुतणी यावर बराच वेळ काही बोलली नाही. तिने कागदावर आकडेमोड केली. बॅकअपपीसीत पूर्ण प्रतींसाठी एका आकड्याऐवजी आकड्यांची रांग देता येते : पहिला आकडा आठवड्याच्या अंतराने किती, दुसरा दोन आठवड्यांच्या, तिसरा चार. तिने 4, 0, 6 लिहिलं. शेवटच्या चार आठवड्यांच्या चार, आणि त्यामागे चार-चार आठवड्यांच्या अंतराने सहा. दहाच प्रती, पण मागे अठ्ठावीस आठवडे जाता येतं.

काका : हे त्याने आधीच का नाही लिहिलं?

पुतणी : कारण त्याला तुमची डिस्क केवढी ते माहीत नाही. एक लिहिलं तर कोणाचीच डिस्क पहिल्या महिन्यात भरणार नाही.

मला वाटतं सगळ्या वादाची किल्ली या वाक्यात होती, आणि पुतणीने ते बचावासाठी म्हटलं होतं. आधीच भरून दिलेला आकडा पहिल्या महिन्यात तक्रार येऊ नये अशा बेताने निवडलेला असतो. डिस्क भरू नये, मेलचा भडिमार होऊ नये, बसवल्या बसवल्या काहीतरी चालताना दिसावं. त्यात लबाडी नाही. अनोळखी माणसाला देण्याजोगं दुसरं काय असणार? पण बॅकअपची गरज पहिल्या महिन्यात पडत नाही. बाकुलातही हीच गत : प्रत साठवलेलं माध्यम 365 दिवस जपतो, पण त्यात कोणती फाइल कुठे आहे ती यादी 60 दिवसांनी खोडून टाकतो, यादीचा पसारा वाढू नये म्हणून. तिसऱ्या महिन्यात एखादी फाइल मागायला गेलात की माल गोदामात असतो आणि नोंदवही फाडलेली असते.

काका : आता शेवटचं. बॅकअप झाला नाही तर मला कोण सांगणार?

पुतणी : मेल येतो. सात दिवस बॅकअप झाला नाही तर. मग पुन्हा आठवण अडीच दिवसांनी. आउटलुकची फाइल राहिली तर पाच दिवसांनी वेगळा मेल, कारण आउटलुक उघडं असलं की ती फाइल हाती लागत नाही.

काका : सात दिवस? कंपन्यांच्या हिशेबाचा नियम ऑगस्ट 2022 मध्ये बदलला. आधी भारतातल्या सर्व्हरवर बॅकअप ठरावीक काळाने घ्या असं होतं, आता रोज. माझ्याकडे कंपन्या आहेत. रोज म्हणजे रोज. आणि हा मला आठव्या दिवशी कळवणार!

पुतणी : एक दिवस केलात तर काय होईल सांगते. कोणी सोमवारची रजा घेतली, मेल. कोणी गावाला गेलं, मेल. पंधरा दिवसांत तुम्ही त्या मेलकडे बघणं सोडाल. सात यासाठी की आठवडाभराची रजा ही दुर्घटना नाही.

काका : रजेवर गेलेल्या बाईच्या मशीनचं सात राहू दे. कंपन्यांचा डेटा ज्या मशीनवर आहे त्याचं एक कर. मशीनगणिक वेगळं करता येतं म्हणालीस ना?

पुतणी : येतं. पण मग सहा महिन्यांनी कोणाचं काय आणि का, हे कोणाला आठवणार?

काकांनी टेबलावरची लाल वही ओढली, तारीख घातली आणि मशीनचं नाव, जुना आकडा, नवा आकडा, कारण, असे चार रकाने आखले. पुतणीने पुण्यातल्या तिच्या ऑफिसात याच कामासाठी एक अख्खी प्रणाली चालते असं सांगितलं, पण वहीला नावं ठेवली नाहीत.

पुतणी : आणि मेल खरंच बाहेर जातो का ते आज बघायचं. गिटलॅब म्हणून कंपनी आहे, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअपच नाही. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसची आवृत्ती एका फाइलवरून ओळखायचा, आणि तो ज्या मशीनवर चालायचा तिथे ती फाइल नव्हती. नाही म्हटल्यावर त्याने डिफॉल्ट धरलं, पोस्टग्रेस 9.2. डेटाबेस होता 9.6 चा. आवृत्ती जुळेना, बॅकअप दर वेळी फसला. फसल्याचे मेल निघत होते, पण त्या मेलना ओळख पटवणारी जी सही लागते ती नव्हती, म्हणून ते परस्पर नाकारले जात होते. सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने प्रत घेतली होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतलं गेलं.

काका : बघ, डिफॉल्टने बुडवलं.

पुतणी : डिफॉल्टने नाही काका. कोणी एकदाही परत काढून बघितलं नाही, त्याने. तुम्ही सगळे आकडे बदला, वहीत लिहा, तरी रिस्टोअर करून पाहिलं नाही तर फरक शून्य.

काका : मग या शनिवारी करू. कोणा अशिलाचं घ्यायचं?

पुतणी : सगळ्यात कटकटीच्या माणसाचं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मग काकांनी तो प्रश्न काढला ज्याला फाइलमध्ये ओळच नव्हती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे 45. हे मशीन तळमजल्यावर, टॅलीची मशीनही तळमजल्यावर. दुसरी डिस्क घ्यायची, दर सोमवारी तिच्यावर नक्कल काढायची आणि ती मिरजेला काकांच्या बहिणीकडे न्यायची, इथपर्यंत लगेच जमलं.

पुतणी : डिस्क कुलूपबंद केल्याशिवाय मी एसटीत जाऊ देणार नाही. पन्नास लोकांचे पॅन आणि बँक खाती आहेत त्यात.

काका : आणि पासवर्ड मी विसरलो तर? मी गेलो तर?

पुतणी : कागदावर लिहा, पाकिटात घाला, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

काका : ठेवतो. लॉकर काय, इथंच आहे, चार दुकानं सोडून.

पुतणी : कितव्या मजल्यावर?

काका : ... मिरजेच्या शाखेत चौकशी करतो.

पुतणी : पण डिस्क आहे त्या घरात पाकीट ठेवू नका.

काका : म्हणजे आत्याला डिस्क आणि लॉकर माझ्या नावावर. तिला काय सांगू, विश्वास नाही म्हणून?

पुतणी : ते तुम्ही बघा. त्याचं सेटिंग माझ्याकडे नाही.